आर्लिसच्या जागी

हॅमिल्टन, ओहायो
१४ जुलै १९८१

मिसेस युनिस ब्लेव्हिन्स यांना,

तुमचा पत्ता आमच्या बास वाजवणाऱ्या क्लेलने दिला. "लिही, पण उत्तर गोड येईल अशी आशा ठेवू नकोस," असंही तो म्हणाला.

मी डॅरिल स्टिडम. मार्चमध्ये आर्लिस मलिन्स गेले, तेव्हापासून हेझल फोर्क बॉईजमध्ये त्यांच्या जागी मी गातो. गेल्या शनिवारी तुमच्या हेसीच्या मैदानावर ब्लूग्रास गाण्यांचा मेळावा होता. आमचं दुसरं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगांतली माणसं उठली. सगळ्यात आधी तुम्ही. खुर्ची मिटलीत, जेवणाची टोपली उचललीत आणि निघालात. तुमच्या मागोमाग बाकीचे. ना शिट्टी, ना आरडाओरडा. प्रार्थना संपल्यावर चर्चमधून बाहेर पडावं तसे शांतपणे गेलात आणि गाड्यांपाशी जाऊन उभे राहिलात. उरलेली गाणी आम्ही गवताला ऐकवली.

मी भांडायला लिहीत नाही. क्लेल सांगतो की ही माणसं हेझल फोर्कसाठी तीन राज्यं पालथी घालतात, पावसात भिजत ऐकतात. अशी माणसं उगाच उठणार नाहीत. माझं काय चुकलं ते मला सांगाल का?

आपला,
डॅरिल स्टिडम


हेसी, व्हर्जिनिया
२ ऑगस्ट १९८१

डॅरिल स्टिडम,

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे.

पहिलं म्हणजे, आम्ही उठायचं ठरवून आलो नव्हतो. निघून जायचं असेल तर कोंबडी तळून, टोपली भरून कोण येतं?

दुसरं, माणूस बदलला म्हणून आम्ही उठलो असं तुझा डॉयल सांगत फिरतोय, ते त्याला विसरायला सांग. आर्लिसचा धाकटा भाऊ आहे, मँडोलिन बरं वाजवतो, पण डोकं पहिल्यापासून जेमतेम. माणसं बदलली म्हणून उठायचं असतं तर आम्ही केव्हाच घरी बसलो असतो. पहिला बँजोवाला डेट्रॉइटला मोटारी बनवायला गेला. दुसरा उपदेशक झाला, आता बँजोला सैतानाचं वाद्य म्हणतो. फिडलवाला टेनेसीतल्या एका बाईच्या मागे गेला, परत आला, पुन्हा गेला. दर वेळी माझा नवरा हर्शेल म्हणायचा, "संपला हा बँड." आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या आधी गाडीत जाऊन बसायचा.

आता उठलो का, ते ऐक. "दव पडायच्या आत घरी ये" सुरू करताना तू टोपी काढलीस आणि म्हणालास, "हे माझ्या आईसाठी, ती त्या डोंगरावर झोपली आहे." हे आर्लिसचे शब्द. त्याची आई डोंगरावर आहे, तिला मूठमाती द्यायला मी होते. तुझी आई हॅमिल्टनला बायकांचे केस कापते असं क्लेल म्हणतो. ती ठणठणीत असेल अशी मला आशा आहे.

आणि मग तिसऱ्या ओळीत तू मध्येच श्वास घेतलास. अगदी आर्लिस घ्यायचा तिथेच. पोरा, आर्लिस मिसरूड फुटायच्या आधीपासून खाणीत होता. कोळशाची धूळ त्याच्या छातीत बसली होती, त्याला ओळ पुरी करायला दम पुरायचा नाही. तुझी छाती बैलासारखी आहे. तू तिथे कशाला थांबतोस? मेलेल्या माणसाचं सोंग आणल्यासारखं वाटलं मला. आणि माझ्या घरात एक माणूस रात्रंदिवस तसाच श्वास घेतो. म्हणून उठले. बाकीचे का उठले ते त्यांना विचार.

युनिस ब्लेव्हिन्स


हॅमिल्टन, ओहायो
२० सप्टेंबर १९८१

मिसेस ब्लेव्हिन्स,

तुमचं पत्र आईने वाचलं. ती हसली आणि मग मला म्हणाली, "मला जिवंतपणी डोंगरावर पोचवलंस?" तेव्हापासून घरात ती स्वतःला भूत म्हणवून घेते.

त्या श्वासाचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. माझे वडील केंटकीतल्या ब्रेथिट काउंटीतले. इथे कागदाच्या गिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले, पण रविवारी जेवण झालं की आर्लिसची तबकडी लावायचे. मी ती गाणी तबकडीवरून शिकलो, जशी होती तशी. तो श्वास मला गाण्याचाच भाग वाटायचा. मी आरशासमोर उभा राहून त्याचा सराव केलाय. हे लिहायलाही लाज वाटते.

पण डॉयल काय म्हणतात तेही सांगतो. "लोक आर्लिसला ऐकायला येतात. त्यांना आर्लिस दे." माझी नेमणूकच त्यासाठी झाली. आता तुमची रांग उठल्याची बातमी सगळीकडे गेलीय. दोन मेळाव्यांनी पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून कळवलं. या हिवाळ्यात काही जमलं नाही तर डॉयल वाद्यं पेटीत घालून गप्प बसणार आहेत. क्लेलने परवा लाकडाच्या वखारीत कामाची चौकशी केली.

मी काय करू? आर्लिससारखं गायलो तर सोंग. नाही गायलो तर मी कोण?

डॅरिल


हेसी
११ ऑक्टोबर १९८१

डॅरिल,

तू कोण, ते मला काय माहीत? अजून ऐकलं कुठे आहे तुला?

नोव्हेंबरात दुसऱ्या शनिवारी इथल्या शाळेच्या व्यायामशाळेत आग विझवणाऱ्या पथकासाठी जेवण आहे. बीन्स, मक्याचा पाव, कोबीचं लोणचं. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, म्हणजे जेवणाची काळजी नको. जेवणानंतर गाणं ठेवलंय, आणि हेझल फोर्क बॉईज गाणार असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय. डॉयलला मी वेगळं लिहिते. त्याच्या आईला मी ओळखत होते, माझं तो ऐकेल.

मी माणसं गोळा करते. त्यांनी बसून राहावं हे मात्र तुलाच करावं लागेल. तुझ्या गळ्याने गा. आवडलं नाही तर पुन्हा उठू, तेवढी मुभा असू दे.

हर्शेल येणार नाही. तो सात महिने घराबाहेर पडलेला नाही. आर्लिसबरोबर बँड गेला असं तो म्हणतो, आणि या खेपेला त्याचं म्हणणं खरं आहे असं त्याला वाटतं.

युनिस


हॅमिल्टन
२५ नोव्हेंबर १९८१

मिसेस ब्लेव्हिन्स,

त्या शनिवारी गडबडीत नीट बोलताच आलं नाही. तुम्ही सारख्या स्वयंपाकघरात, आणि मला तुमच्या मैत्रिणींनी केकच्या टेबलाशी धरून ठेवलेलं. वाळवलेल्या सफरचंदांचा तो थरांचा केक कुणाचा होता? आईने पाककृती मागितलीय, भुताच्या वतीने.

तिसरी ओळ मी एका दमात गायलो. डॉयल डोळे वटारून बघत राहिले, कारण त्यांचं मँडोलिन त्या थांबण्यात काही स्वर भरायचं आणि आता तिथे जागाच नव्हती. पुढच्या कडव्यात त्यांनी ते स्वर ओळीच्या शेवटी नेले. वीस वर्षांची सवय एका कडव्यात मोडली त्यांनी. गाणं झाल्यावर पुटपुटले, "आधी सांगायचं तरी." पण रागाने नाही.

कुणीच उठलं नाही. टाळ्याही लगेच आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मग पुढे बसलेला तो दाढीवाला म्हणाला, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं.

आणखी एक सांगायचं होतं. मध्यंतरात मी वारा खायला बाहेर पडलो. दाराजवळ एक निळा ट्रक उभा होता, काच खाली, आत नाकाला प्राणवायूची नळी लावलेला एक म्हातारा. त्याने बोटाने बोलावलं. म्हणाला, "ओहायोवाला तूच ना?" मी हो म्हटलं. तो एकेक शब्द सुटा सुटा बोलत होता. "तिथे तू थांबला नाहीस." मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाला, "बरं केलंस. आर्लिसला थांबावं लागायचं. मलाही लागतं. तू नको थांबूस. आमच्या वाटचं तू गा." आणि काच वर केली.

मी आत आलो ते वेगळाच माणूस होऊन. तो म्हातारा कोण, तुम्हाला माहीत असेल का? त्याचे आभार मानायचे आहेत. आणि तुमचे तर कसे मानू तेच कळत नाही.

डॅरिल


हेसी
८ डिसेंबर १९८१

डॅरिल,

केक माझाच. पाककृती सोबत पाठवलीय. सफरचंदं घरी वाळवलेली हवीत, दुकानातली घातली तर आईला सांग, मला कळेल.

निळा ट्रक आमचा आहे.

त्या दिवशी मी भांडी उचलत होते तर हर्शेल कोट घालून दारात उभा. म्हणाला, "मी आत येणार नाही. गाडीत बसेन. गाडी माझी आहे, मला बसायचा हक्क आहे." त्या माणसाशी केव्हा बोलू नये हे मी चाळीस वर्षांत शिकलेय. गाडीत बसून त्याला काय ऐकू आलं आणि तो तुझ्याशी काय बोलला, यातलं एक अक्षरही त्याने मला सांगितलं नाही. तुझ्या पत्रातून कळलं. मी ते त्याला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "पोरगा फार लिहितो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पुढच्या वेळी आत बसू."

म्हणून आभार मी मानायचे, तू नाही. आता जास्त लिहीत नाही. आणि मिसेस ब्लेव्हिन्स हे शाळेतल्या मुलांसाठी. इथे सगळे मला मावशी म्हणतात.

युनिस मावशी


हेसी
१९ एप्रिल १९८४

डॅरिल,

हर्शेलला पोचवून आठवडा झाला. आज पहिल्यांदा टेबलाशी बसून काही लिहितेय.

मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुमचा त्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनात कार्यक्रम होता हे मला माहीत होतं. डोंगरावरच्या वाटेने वर चढताना मागे वळून पाहिलं तर तुम्ही पाचही जण चिखलातून येताय, क्लेलने तो भला थोरला बास पोटाशी धरलेला, लहान मूल धरावं तसा. दफनभूमीपर्यंत तो कसा आणला, देव जाणे. डॉयल दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा मँडोलिन वर धरून स्वतः आपटला.

तुम्ही गायलात तेव्हा मी रडले नाही. मी श्वास मोजत होते तुझे. हर्शेल गेली अडीच वर्षं तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला आत बसला, पहिल्या रांगेत, नळी लावून. डॉक्टरांनी त्याला एक हिवाळा दिला होता. त्याला तीन मिळाले. मी असं म्हणत नाही की गाण्यामुळे. पण उन्हाळा आला की त्याला कुठेतरी जायचं असायचं, आणि जायचं असलेला माणूस अंथरूण धरत नाही, एवढं मी पाहिलंय.

तुम्हा सगळ्यांना माझा आशीर्वाद. डॉयलला म्हणावं, गुडघ्याला शेक दे.

युनिस मावशी


हॅमिल्टन
३ मे १९८९

प्रिय मावशी,

बरंच काही बदललं, म्हणून लिहितो. क्लेल गेल्याचं तुम्हाला कळलंच. त्यानंतर डॉयलचं मन लागेना. गेल्या आठवड्यात त्यांनी मँडोलिन भिंतीवर टांगलं आणि मला बोलावून म्हणाले, "नाव आता तू सांभाळ." मी म्हटलं, "मलिन्स नसलेला हेझल फोर्क?" ते म्हणाले, "मलिन्स आता टीव्हीवर बेसबॉल बघणार आहे."

म्हणजे ज्यांनी बँड उभा केला त्यातलं कुणीही आता त्यात नाही. सगळ्यात जुना मीच. नवा मँडोलिनवाला वेस्ट व्हर्जिनियाचा आहे. आणि फिडलवर आम्ही एक मुलगी घेतलीय, लिटा फ्युगेट. बॉईजमध्ये मुलगी म्हणून लोक आत्ताच कुजबुजतायत. जूनमध्ये हेसीला येतोय. काय होईल याची धास्ती आहे.

तुमचा,
डॅरिल


हेसी
२ जुलै १९८९

डॅरिल,

तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले तरी इथे अजून त्यावरच चर्चा चाललीय, म्हणून कळवते.

ती मुलगी स्टेजवर आली तेव्हा माझ्या शेजारचा ओथा रॅटलिफ म्हणाला, "हा बँड आता तो बँड राहिला नाही." मी म्हटलं, "ओथा, तुला दात नवे, कंबरेचं हाड नवं, बायको दुसरी. तू तोच आहेस ना?" त्यानंतर तो ऐकत बसला. त्या मुलीने फिडल असं वाजवलं की शेवटी तोच तिला विचारायला गेला, फ्युगेट म्हणजे कुठले फ्युगेट. त्याच्या आजीच्या माहेरचे निघाले. आता ती बँड सोडेल तर ओथा आडवा पडेल.

ती फार वाळलेली आहे. पुढच्या वेळी तिला आधी माझ्याकडे जेवायला पाठव, मग स्टेजवर.

मावशी


हॅमिल्टन
१७ ऑक्टोबर १९९३

प्रिय मावशी,

हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगतो. वसंतापासून आवाज बसत होता. मी थंडीवर ढकलत राहिलो. घशात गाठ निघाली. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात जगेन, कुजबुजल्यासारखं बोलूही शकेन. गाणं मात्र संपलं.

बायको म्हणते, जगशील हे आधी ऐक. ऐकतोय. पण सकाळी उठलो की तोंडात ओळ येते आणि मी तिथेच थांबतो.

बँड बंद करावा असं ठरवतोय. लिटाने केंटकीतला एक गाणारा आणला होता, एमरी नावाचा. तो माझ्यासारखा गात नाही, आर्लिससारखाही नाही. आवाज खालचा, साधा, जणू घरात कुणाशी बोलतोय. मी शेवटपर्यंत ऐकू शकलो नाही, बाहेर निघून आलो. नाव माझ्याकडे आहे. ते माझ्याबरोबरच थांबावं, सन्मानाने. तुम्हाला पटेल असं वाटतं.

डॅरिल


हेसी
२४ ऑक्टोबर १९९३

डॅरिल,

तुझ्या गाठीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना लावलीय. शस्त्रक्रिया झाली की बायकोने मला फोन करावा, दिवस असो की रात्र.

आता पुढचं. तू आजारी आहेस म्हणून मी मऊ लिहिणार नाही, तसं लिहिलं तर तू घाबरशील.

नाव तुझं नाही. डॉयलनेही ते तुला "सांभाळ" म्हणून दिलं, "घे" म्हणून नाही. तुझं पत्र माझ्याजवळ आहे. आर्लिस गेला तेव्हा डॉयलने सन्मानाने बंद केलं असतं तर हर्शेल त्या हिवाळ्यात अंथरुणात पडून छताकडे बघत गेला असता. कुठल्या तरी घरात आत्ताही कुणी माणूस छताकडे बघत असेल. त्याला जूनमध्ये कुठेतरी जायचं असू दे.

तू त्या मुलाचं गाणं ऐकून बाहेर निघून आलास. मला ती गोष्ट नीट समजते. पण मी तेव्हा उठले, तेव्हा तू मला पत्र लिहिलंस. तो एमरी तुला लिहायला धजणार नाही. तूच त्याला बोलाव.

आणि तो तुझ्यासारखा गात नाही याबद्दल देवाचे आभार मान. सोंग आणणारा मिळाला असता तर तुला रोज स्वतःचं भूत बघावं लागलं असतं.

तुझी,
मावशी


हॅमिल्टन
२७ जून १९९४

प्रिय मावशी,

तुमचा पाय प्लास्टरमध्ये आणि तुम्ही मुलीकडे नॉक्सव्हिलला, म्हणून यंदा हेसीचा मेळावा तुमचा चुकला. तुमच्या वतीने सगळं नीट बघून सांगायचं मी फोनवर कबूल केलं होतं, तेही कुजबुजत, त्यामुळे तुम्हाला कितपत ऐकू आलं कोण जाणे.

एमरीला मी मार्चमध्येच बोलावलं. त्याला एवढंच म्हटलं की तुझं गा. तो म्हणाला, "मला दुसरं येतही नाही." मला तो आवडला.

परवा मी स्टेजमागे गेलो नाही. तिकीट काढून इतरांसारखा आत आलो आणि मागे गवतावर बसलो. इतकी वर्षं या बँडमध्ये काढली, पण समोर बसून तो मी कधीच ऐकला नव्हता. वरून आम्हाला पहिल्या दोन-तीन रांगा दिसतात, बाकी नुसत्या टोप्या. खाली काय चालतं याची मला कल्पनाच नव्हती. एक बाई बीन्सच्या शेंगा सोलत ऐकत होती आणि ताल बदलला की तिचा सोलायचा वेग बदलायचा. एक नवरा-बायको गाडीतून उतरल्यापासून भांडत होते, चौथ्या गाण्याला त्याने तिच्या खांद्यावर स्वेटर टाकला. एक म्हातारा टोपी तोंडावर घेऊन झोपलेला, पण गाणं संपलं की झोपेतच टाळी वाजवायचा. ओथा रॅटलिफ पुढे बसून एका पाहुण्याला लिटा आपली नातलग आहे असं सांगत होता.

एमरी गायला लागला तेव्हा माझा घसा दुखला. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या कडव्यानंतर दुखायचं थांबलं. त्याच्या त्या खालच्या आवाजात शब्द मला पहिल्यांदा नीट कळले. मी गायचो तेव्हा पुढच्या सुराकडे लक्ष असायचं, शब्दांना वेळच नसायचा. माझ्या वडिलांना ते गाणं एवढं का आवडायचं ते परवा त्या गवतावर कळलं. ते असते तर सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. हे ऐकायला मी जिवंत आहे, आणि ऐकायला बँड आहे. यातलं दुसरं तुमच्यामुळे.

शेंगा सोलणारी ती बाई माझ्या शेजारीच होती. तिने मला ओळखलं नाही. मी वाळलोय आणि गळ्याला रुमाल बांधतो. माझे डोळे भरलेले पाहून तिने डबा पुढे केला. हॅम घातलेलं, पावासारखं मऊ बिस्किट होतं. मग विचारलं, "फार वर्षं ऐकताय का यांना?"

मी कुजबुजलो, "आज पहिल्यांदाच."

"मग सरका जरा जवळ," ती म्हणाली, आणि तिने मला हेझल फोर्क बॉईजची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. आर्लिस, डॉयल, क्लेल, डेट्रॉइटला गेलेला बँजोवाला, सगळे आले. त्यात ओहायोचा एक मुलगाही होता. तो बरा गायचा, ती म्हणाली.

तुमचा,
डॅरिल